थाळीफेकीतला नवशिका : रॉबर्ट गॅरेट

थाळीफेक हा खेळ मूळचा ग्रीकांचा. प्राचीन काळी त्यांच्या शिल्पकारांनी थाळी फेकणाऱ्या मल्लांचे पुतळे घडवले, इतका त्यांना या खेळाचा अभिमान. १८९६ साली अथेन्स शहरात आधुनिक ऑलिंपिकचे पहिले सामने भरले, तेव्हा थाळीफेकीचा मान ग्रीसकडेच राहणार असे सारे धरून चालले होते. परंतु तो मान मिळवला अमेरिकेतील एका कॉलेज विद्यार्थ्याने, आणि तोही या खेळात अगदी नवशिका! रॉबर्ट गॅरेट हे त्याचे नाव. गेल्या वर्षापासून आपल्या कॉलेजच्या मैदानावर मी थाळी फेकायला शिकत आहे, म्हणून त्याचे चरित्र मला विशेष जवळचे वाटते.

गॅरेटचा जन्म २४ मे १८७५ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराजवळ झाला. घराणे सावकारी पेढीचे. आजोबा एका मोठ्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. रॉबर्ट तेरा वर्षांचा असताना वडील बोटीच्या अपघातात वारले. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाला. गोळाफेक आणि उड्या हे त्याचे आवडते प्रकार. मैदानी खेळांच्या संघाचा तो कप्तानही झाला.

प्रिन्स्टनला प्रा. विल्यम स्लोन इतिहास शिकवीत. ऑलिंपिकचे पुनरुज्जीवन करणाऱ्या समितीत ते होते. त्यांच्या प्रोत्साहनाने गॅरेटने अथेन्सला जायचे ठरवले आणि थाळीफेकही करून पाहावी असे त्याच्या मनात आले. पण अमेरिकेत तेव्हा थाळी पाहिली होती कोणी? प्राचीन ग्रंथांतील वर्णनांवरून आकृती काढून लोहाराकडून थाळी करवून घेण्यात आली. तिचे वजन भरले सुमारे ३० पौंड, म्हणजे तेरा-चौदा किलो, असे सांगतात. ती फेकणे तर दूरच, नीट पेलवेना. गॅरेटने तो नाद सोडून दिला.

त्याने स्वतःचा आणि आपल्या तीन सहाध्यायांचा प्रवासखर्च स्वतःच केला. जहाजाने आणि पुढे आगगाडीने ही मंडळी सामन्यांच्या आदल्या दिवशी अथेन्सला पोचली. तेथे खरी थाळी त्याच्या हाती आली. ती होती फक्त दोन किलोंची! गॅरेटने लगेच स्पर्धेत नाव घातले.

६ एप्रिल १८९६. ग्रीकांच्या स्वातंत्र्याच्या स्मृतीचा तो दिवस. संगमरवरी क्रीडांगण माणसांनी फुलून गेले होते. ग्रीक खेळाडू पुतळ्यांसारखा डौल राखून थाळी फेकत. गॅरेटपाशी डौल नव्हता. त्याच्या सुरुवातीच्या फेकींत थाळी हवेत कोलांट्या खात भलतीकडेच गेली, प्रेक्षकांना लागता लागता राहिली. एवढ्या जनसमुदायापुढे एखादा खजील होऊन बाजूला झाला असता. गॅरेट पुन्हा उभा राहिला. अखेरच्या फेकीत त्याने सारे अंग झोकून दिले आणि थाळी २९.१५ मीटरवर जाऊन पडली. ग्रीसच्या पानागिओटिस पारास्केवोपुलोसपेक्षा जेमतेम वीतभर पुढे!

ती फेक कशी साधली असेल, याचा मी मैदानावर पुष्कळ विचार केला आहे. थाळी नुसत्या दंडाच्या जोराने जात नाही. ती मुठीत आवळायची नसते, बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकवायची असते. हात लांब ठेवून बाजूने वळसा घ्यायचा. आधी पाय, मग कंबर, मग खांदा आणि सर्वांत शेवटी हात. सुटताना ती तर्जनीवरून निसटली म्हणजे तिला फिरकी मिळते, आणि फिरकी मिळाली तरच ती हवेत सपाट राहते. नाहीतर गॅरेटच्या पहिल्या थाळ्यांसारखी पलटी खाते. प्लास्टिकची चकती फेकण्याचा डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे, त्यात हात बाजूने आणून चकती फेकायला शिकणाऱ्यांचीही हीच अडचण असते : जोर असतो, फिरकी नसते. मुलींची थाळी एक किलोची. पण नवशिकीच्या हातात तीही सरळ जात नाही, आणि कुंपणावर बसलेले हसतातच.

दुसऱ्याच दिवशी गॅरेटने गोळाफेकही ११.२२ मीटरवर जिंकली. उंच उडीत आणि लांब उडीतही दुसरे स्थान मिळवले. १९०० साली पॅरिसला मात्र थाळीने त्याला दगा दिला. मैदानाच्या दोन्ही बाजूंना झाडे होती. त्याची प्रत्येक थाळी झाडांवर आदळली आणि एकही फेक धरली गेली नाही. हंगेरीच्या रुडॉल्फ बाऊअरने ३६.०४ मीटर फेक करून ती स्पर्धा जिंकली. गॅरेटला गोळाफेकीत व जागच्या तिहेरी उडीत तिसरे स्थान मिळाले.

पुढे तो बाल्टिमोरला घरच्या पेढीत रमला. सीरियातील पुराणवस्तू संशोधनास त्याने साहाय्य केले, आपल्या शहरातील मुलांच्या खेळांसाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि आयुष्यभर जमवलेली दहा हजारांहून अधिक हस्तलिखिते १९४२ साली आपल्या विद्यापीठाला दिली. २५ एप्रिल १९६१ रोजी त्याचे निधन झाले.

गॅरेट श्रीमंत होता, हे विसरून चालणार नाही. जहाजाचे भाडे आपल्यापैकी कितीजण देऊ शकतील? आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वर्गात काय, ग्रंथालयात काय, ज्यांच्या घरी या गोष्टी आधीपासून आहेत अशी मुले-मुली भेटतात, आणि आपण येथे उपरे आहोत असे वाटू लागते. लांबून ऐकलेले हे ओझे लोहाराच्या थाळीएवढे असते. प्रत्यक्ष हातात घेतले की ते पेलण्याजोगे निघते, निदान माझा अनुभव तसा आहे. मग उरते ते चारचौघांत वेडेवाकडे फेकण्याचे धैर्य. त्याला पैसे पडत नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या क्रीडा विभागात एक किलोची थाळी पडून असते. सायंकाळी पाच वाजता मैदानावर या. हसणारे दोन दिवस हसतील.

(द्वितीय वर्ष, कला)