रखमाबाईंना आलेली नोटीस

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गावभागातली एक मुलगी, मुलगी म्हणजे असेल तिशीची, भरदुपारी घरी आली. दोन वर्षं झाली माहेरी राहते, कांड्या भरायला जाते. केसांत कापसाची पिंज तशीच आणि हातात खाकी पाकीट. आत नवऱ्याच्या वकिलाची नोटीस. पंधरा दिवसांत नांदायला या, नाहीतर कोर्टात दावा लावू.

चार दिवस ते पाकीट देवघराच्या फळीवर पडून होतं. भावाचं म्हणणं, घ्यायचीच नव्हती, पोस्टमनला परत न्यायला सांगायचं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की आता पोलीस येतील आणि धरून सासरी सोडतील. आई नुसती रडत होती. मी पेपरात लिहिते म्हणजे मला सगळं कळतं, असा आमच्या गल्लीचा एक गोड गैरसमज आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. कायदा मला जेमतेमच कळतो. पण नोटीस वाचता वाचता मला आठवल्या त्या डॉक्टर रखमाबाई. अशीच नोटीस त्यांच्या घरी मार्च १८८४ मध्ये आली होती!

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग त्या अडीच वर्षांच्या असतानाच गेले. आई जयंतीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला मोकळीक होती, म्हणून काही वर्षांनी जयंतीबाईंचं लग्न डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी झालं. दुसऱ्या लग्नाआधी जयंतीबाईंनी एक काम केलं. नवऱ्याची मिळकत त्यांनी लेकीच्या नावावर करून दिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या नात्यातल्या मुलाशी लावलं. त्याने घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, माणूस व्हायचं, असं ठरलं होतं. शिक्षण काही झालं नाही. तो मामाकडे जाऊन राहिला, कर्ज झालं, तब्येतही बिघडली. इकडे रखमाबाई घरीच पुस्तकं आणून वाचत होत्या, इंग्रजी शिकत होत्या. त्या एकही दिवस सासरी नांदल्या नाहीत. सावत्र वडील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सावत्र बाप म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, पण हा माणूस वेगळा होता.

मग वकिलामार्फत पत्र आलं, तेही सखाराम अर्जुन यांच्या नावाने. माझ्या बायकोला अडवू नका, पाठवून द्या. डॉक्टरांनी आधी स्वतःच सभ्य भाषेत उत्तरं लिहिली की मी कुणाला अडवलेलं नाही. घरातल्या घरात मिटेल असं त्यांनाही वाटलं असणार. मिटलं नाही. शेवटी त्यांनाही वकील करावा लागला. रखमाबाईंच्या वतीने कारणं मांडली गेली की राहायला, खायला, ल्यायला देण्याची नवऱ्याची ऐपत नाही आणि त्याची प्रकृतीही बरी नाही. दादाजीचं म्हणणं असं, की वडिलांची मिळकत तिच्या नावावर आहे, तिच्यावर हक्क सांगितला जाईल म्हणून तिला अडकवून ठेवलंय. एकशेचाळीसेक वर्षं झाली, पण नांदण्याच्या भांडणात शेवटी घर-जागेची गोष्ट निघतेच. आमच्याकडे चार माग असलेल्या घरातही निघते.

निकालाआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातला आधार गेला. तरी बाई मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू बाईच्या नावाने बालविवाहावर पत्रं छापून आली. नाव नव्हतं, पण लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूने. अजाण वयात लग्न झालं, कधी एकत्र राहिले नाहीत, अशा मोठ्या झालेल्या बाईला जबरदस्तीने पाठवायला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही आणि इंग्रजी कायदाही इथे लागू नाही, असा त्याचा सारांश. त्यांच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. अपील झालं, १८८६ मध्ये खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंग चालेल. बावीस वर्षांची पोर! देशभर गदारोळ झाला. टिळकांची पत्रं त्यांच्या विरोधात, बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने. बचावासाठी समिती निघाली, पैसा उभा राहिला. शेवट मात्र कोर्टात झाला नाही. जुलै १८८८ मध्ये २००० रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडून दिलं असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं, पण सुटका झाली ती या तडजोडीने.

पुढचं बहुतेकींना माहीत असेल. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी पाठबळ दिलं, १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. सुरतला आणि नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं. लग्न पुन्हा केलं नाही. १९०४ मध्ये दादाजी गेल्याचं कळल्यावर त्यांनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. मला हे कधीच नीट उमगलेलं नाही. असो. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन त्या वारल्या.

आणि त्याच १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला. त्यातलं कलम ९ म्हणजे हाच नांदायला बोलावण्याचा दावा! तो आजही आहे, नवराही लावू शकतो आणि बायकोही. फरक एवढा की तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्येच गेली. हुकूम झाला तरी पोलीस कुणाला उचलून सासरी नेत नाहीत. मिळकतीवर जप्ती मात्र येऊ शकते, आणि हुकमानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर दोघांपैकी कुणीही त्या कारणावर घटस्फोट मागू शकतं.

हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिचा निम्मा जीव भांड्यात पडला. मग दुसरं सांगितलं. पाकीट नको म्हणून परत पाठवलं तरी कायद्याच्या लेखी ते मिळाल्यातच जमा असतं. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, पण तिचं उत्तर वकिलाकडूनच जावं. आपण रागाच्या भरात लिहिलेली एखादी ओळ पुढे आपल्याच अंगावर येते. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र तारीख चुकवायची नाही, कारण आपण गेलो नाही तर एकतर्फी निकाल होतो. दावा लांबच्या जिल्ह्यात लावला असेल तर आपल्याकडे वर्ग करून घ्यायला हायकोर्टात अर्ज करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय, त्यासाठी मुंबई गाठायला नको.

तिला खरी काळजी पोटगीची होती. नांदायचा हुकूम झाला की पोटगी बंद, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. तसं नाही. जुनं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालंय, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असा हुकूम असला तरी तेवढ्याने बायकोची पोटगी बुडत नाही. ती का गेली नाही, कारण पटण्यासारखं आहे का, हे बघावं लागतं. म्हणजे मारहाण झाली असेल तर दवाखान्याचे कागद, फोनवरचे मेसेज, सगळं जपून ठेवायचं.

वकिलाची फी कुठून आणू, म्हणाली. बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला मिळकतीची अट नाही. १९८७ चा कायदाच आहे तसा. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारायचं, साधा अर्ज आणि ओळखपत्र द्यायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. तिने कामाचा अर्धा दिवस बुडवला. वकीलबाईंनी नोटीस दोनदा वाचली, लग्नाची तारीख, घर कधी सोडलं, का सोडलं, सगळं विचारून लिहून घेतलं. येताना रिक्षात मला वाटलं ती रखमाबाईंबद्दल काही विचारेल. तिने विचारलं, दादाजीचं पुढं काय झालं? म्हटलं, त्याने दुसरं लग्न केलं. ती बाहेर बघत राहिली.

तिचं उत्तर बुधवारी पोस्टात पडलं.