चादरीवरून आलेला उजेड

मागच्या सुट्टीत मी एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीच्या शूटिंगला मदतीला गेले होते. जागा म्हणजे बेळगावच्या शहापूर भागातलं एक जुनं घर. पुढची खोली जेमतेम दहा बाय बारा, एकच खिडकी, आणि त्यात साडी नेसून उभी असलेली मैत्रीण, कॅमेरा आणि आम्ही चौघं. दोन हॅलोजन लावले तर मैत्रिणीच्या मागच्या भिंतीवर तिच्याच दोन काळ्याकुट्ट सावल्या पडल्या. स्टँड मागे घ्यायला जागा नाही, वर टांगायला काही नाही. शेवटी कॅमेरावाल्या दादांनी घरातली पांढरी चादर मागवली, वरच्या तुळयांना ताणून बांधली आणि दोन्ही हॅलोजन खालून तिच्याकडे वळवले. सावल्या गेल्या. खोली पुन्हा खोलीसारखी दिसायला लागली.

ही युक्ती कुठून शिकलात असं विचारलं, तर दादांनी सुब्रत मित्र हे नाव सांगितलं. सत्यजित राय आपल्या सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या कॅमेऱ्यामागच्या माणसाबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

सुब्रत मित्रांचा जन्म 12 ऑक्टोबर 1930 चा, कलकत्त्याचा. सिनेमाचं कुठलंही रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटाच्या शूटिंगसाठी बंगालात आले, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या सुब्रत मित्रांना तिथे काम काही मिळालं नाही, फक्त बघायची परवानगी मिळाली. त्यांनी ती वाया घालवली नाही. कुठला लाइट कुठे ठेवला, नट कुठून कुठे गेला, कॅमेरा कसा सरकला, हे सगळं आकृत्या काढून वहीत उतरवलं. त्या सेटवरच कला विभागात काम करणारे बन्सी चंद्रगुप्त आणि तिथे येणारे-जाणारे राय यांच्याशी त्यांची ओळख वाढली.

ऑक्टोबर 1952 मध्ये ‘पथेर पांचाली’चं शूटिंग सुरू झालं तेव्हा सुब्रत मित्र नुकतेच बावीस वर्षांचे झाले होते. म्हणजे माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे! आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. पैसे संपत, शूटिंग थांबत असे. तरी 1955 मध्ये चित्रपट पुरा होऊन लागला. बोराल गावातलं एक पडकं घर आणि त्याचं अंगण आज जगभरचे लोक ओळखतात.

खरी परीक्षा पुढच्याच चित्रपटात झाली. ‘अपराजितो’मधलं हरिहरचं कुटुंब बनारसमध्ये राहतं. तिथल्या जुन्या घरांना मधोमध चौक असतो. चौकात ऊन क्वचितच उतरतं, वरच्या आभाळाचा उजेड तेवढा खाली झिरपतो. अशा उजेडात कशाचीच ठळक सावली पडत नाही. हा चौक उघड्यावर उभारायचा असं आधी ठरलं होतं, पण पावसाच्या भीतीने तो कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधायचं ठरलं. सुब्रत मित्रांनी राय आणि चंद्रगुप्त या दोघांशी वाद घातला. स्टुडिओचे दिवे सरळ माणसावर पडतात, मग प्रत्येक दिव्याची वेगळी सावली भिंतीवर उमटते, आभाळाचा उजेड असा तयार होणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते कोणी मानलं नाही.

हरले म्हणून ते गप्प बसले नाहीत. सेटवर, जिथे आभाळ असायला हवं होतं तिथे, त्यांनी पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारले. कापडावर आपटून परत येणारा उजेड एका बिंदूतून नाही, तर अख्ख्या कापडातून येतो. तो माणसाला सगळीकडून वेढतो, म्हणून सावली विरघळते. आज याला सगळे बाउन्स म्हणतात आणि चादर नसेल तर थर्माकोलचा पत्रा धरतात. 1956 च्या त्या चित्रपटात मात्र ती सवयीची गोष्ट नव्हती. या पद्धतीत दिव्याचा बराचसा उजेड वाया जातो, वेळही जास्त लागतो. घाईत असलेल्या निर्मात्याला ती परवडत नाही.

पुढे ‘चारुलता’साठी त्यांनी लाकडी पेट्यांत साधे घरगुती बल्ब बसवून पुढे पातळ कागद लावला. जेम्स आयव्हरी आणि इस्माईल मर्चंट यांच्या ‘द हाउसहोल्डर’पासून ‘बॉम्बे टॉकी’पर्यंत चार चित्रपट त्यांनी चित्रित केले. राज कपूर आणि वहीदा रेहमान यांचा ‘तीसरी कसम’ही त्यांचाच.

पण हे सगळं सरळ झालं नाही. ऐन उमेदीत डोळ्यांनीच दगा दिला, आणि 1961 च्या ‘तीन कन्या’चं काम सौमेंदू राय यांच्याकडे गेलं. ते बरे होऊन परतले, मात्र ‘नायक’नंतर, म्हणजे 1966 नंतर, सत्यजित राय यांच्याशी त्यांची वाट कायमची वेगळी झाली. दहा चित्रपटांची सोबत संपली. त्यानंतर त्यांच्या नावावर मोजकेच चित्रपट दिसतात. ‘न्यू देल्ही टाइम्स’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोवर मधली वीस वर्षं निघून गेली होती. शेवटच्या वर्षांत ते कलकत्त्याच्या, सत्यजित राय यांचंच नाव असलेल्या चित्रपट संस्थेत शिकवत होते. 7 डिसेंबर 2001 ला ते गेले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

मला वाटतं, त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: या खोलीत उजेड खरोखर कुठून येतो? आमच्या शूटिंगला आम्ही तो विचारलाच नव्हता. आधी प्लग शोधला, मग दिवे लावले, खिडकीकडे कोणी पाहिलंही नाही. पुढच्या वेळी मी अर्धा तास आधी जाऊन त्या खोलीत नुसती बसणार आहे.

‘अपराजितो’ पाहाल तेव्हा त्या चौकात सर्वजया कामं करत असते, तिथे गोष्ट क्षणभर बाजूला ठेवा आणि तिच्या मागच्या भिंतीकडे बघा. सावली सापडते का, शोधा. तो स्टुडिओ आहे हे मला माहीत होतं, तरी मला ते आभाळच वाटलं.