भाषाशिक्षक कोमेनियस

मुलास परकी भाषा येत नाहीं असें शाळेंतून कळलें कीं, आमच्या लोकांचा निकाल ठरलेला : पोर ढ आहे! वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पुष्कळ एकतर्फी निकाल पाहिले आहेत. परंतु ज्यांत शिक्षकाची साक्षच घेतली जात नाहीं असा हा निकाल सर्वांत अन्यायाचा होय. या दाव्यांत मुलाची बाजू ज्यानें सतराव्या शतकांत हिरिरीनें मांडली, त्या कोमेनियसचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों.

त्याचा जन्म १५९२ च्या मार्च महिन्यांत मोराविया प्रांतांत झाला. हा प्रांत आज झेक प्रजासत्ताकांत मोडतो. लहानपणींच आईबाप वारले, आणि लॅटिन शाळेचें तोंड त्यास सोळाव्या वर्षीं दिसलें. त्या काळीं युरोपांत लॅटिनवांचून विद्या नाहीं, आणि छडीवांचून लॅटिन नाहीं, अशी रीत होती. इतर मुलें अर्थ न कळतां व्याकरण घोकीत. हा जाणत्या वयाचा असल्यामुळें आपणांस काय शिकवितात याबरोबरच तें किती वाईट शिकवितात हेंही त्यास दिसलें. उशीर हाच त्याचा पहिला गुरु झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें जर्मनींत विद्या संपादून तो मायदेशीं शिक्षक व धर्मोपदेशक झाला. परंतु १६२० मध्यें प्राग शहराजवळच्या लढाईंत बोहेमियाचा पक्ष हॅब्सबुर्ग बादशहापुढें हरला आणि प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ सुरू झाला. कोमेनियस लपून राहिला. १६२२ मध्यें बायको व दोन मुलें सांथीनें गेलीं. आणि १६२८ मध्यें देश सोडून तो पोलंडांतील लेश्नो गांवीं गेला. मायभूमि त्यास पुनः लाभली नाहीं.

या वनवासांत, १६३१ मध्यें, त्यानें लॅटिन भाषेचें द्वार उघडणारें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. सुमारें आठ हजार शब्द त्यानें हजार वाक्यांत गुंफिले, आणि तीं वाक्यें अग्नि, पाणी, शेत, घर, धंदे अशा विषयांवर रचिलीं. तत्त्व साधें होतें : आधीं वस्तु, मग शब्द, आधीं उदाहरण, मग नियम. दुकानांत नवा पोरगा ठेविला तर व्यापारी त्यास मालाची यादी पाठ करावयास लावीत नाहीं. पोतें उघडून माल दाखवितो आणि नांव सांगतो. हेंच शहाणपण शाळेंत शिरावयास इतकीं शतकें लागावींत, हें नवल होय.

त्या पुस्तकांत दोष नव्हता असें नाहीं. एक शब्द शक्य तों एकदांच यावा असा त्याचा आग्रह होता, आणि एकदांच भेटलेला शब्द मुलाच्या डोक्यांत टिकत नाहीं. शिवाय नवशिक्यांस तें जड गेलें. परंतु कोमेनियसनें मुलांस बोल लाविला नाहीं. १६३३ मध्यें त्याच्याही आधींची एक सोपी पायरी लिहून दिली. उत्तम शिक्षकाची परीक्षा आमच्या मतें येथेंच होते.

शिकणाऱ्यांचे त्यानें सहा प्रकार मानिले आहेत. तल्लख, उत्सुक व सुशील मुलगा कोणीही शिकवील. तल्लख पण सुस्त असेल त्यास टोंचणी हवी. तल्लख पण हट्टी मुलाविषयीं शिक्षक हात टेंकितात; कोमेनियस म्हणे कीं, तोच नीट वळविला तर मोठा माणूस होतो. उत्सुक पण मंद मुलाची त्यास विशेष कणव होती. त्यावर भार घालूं नये. उशिरां शिकलेलें त्याजजवळ अधिक टिकतें. उरलेले दोन, मंद व आळशी आणि मंद व दुष्ट, त्यांतही सर्वस्वी टाकाऊ असा क्वचितच कोणी असतो, असें तो मानी. धडा न आल्याबद्दल मारूं नये, हेंही त्यानें सांगितलें. शिक्षा वर्तनास, अभ्यासास नव्हे.

आणखी एक गोष्ट आमच्या सधन वाचकांनीं लक्षांत घ्यावी. मुलगे व मुली, श्रीमंत व गरीब, सर्वांस सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत स्वभाषेंतच शिकवावें, लॅटिन त्यानंतर, अशी त्याची योजना होती. घरच्या भाषेंत चार वाक्यें धड लिहितां येण्यापूर्वींच पोरास इंग्रजी शाळेंत घालून अभिमान वाहणाऱ्यांनीं हें जरूर ताडून पाहावें.

इंग्लंड, स्वीडन, हंगेरी येथें शाळासुधारणेसाठीं त्यास बोलावणीं आलीं. हंगेरींत त्यानें आपल्या पुस्तकाचीं नाटकें करून विद्यार्थ्यांकडून करविलीं. पुढें १६५६ मध्यें लेश्नो जळालें, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ जमविलेला झेक भाषेचा कोश राख झाला. देश गेला, घर गेलें, आतां स्वभाषेचें संचितही गेलें. वय चौसष्ट.

तथापि १६५८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें त्याचें चित्रमय पुस्तक निघालें. त्यांत दीडशें पाठ, वर चित्र, खालीं लॅटिन व जर्मन शब्द. अक्षरओळखही कावळ्याच्या व कोंकराच्या आवाजावरून करून दिली आहे. १६७० मध्यें आम्स्टर्डाम येथें तो वारला, आणि नार्डेन गांवीं परक्या मातींत पुरला गेला. तें पुस्तक मात्र पिढ्यान्‌पिढ्या छापत राहिलें, आणि पुढील शतकांत जर्मन कवि गटे यानेंही तें लहानपणीं चाळिलें.