स्मिता पाटील

रूप जन्माबरोबर येते, परंतु त्याचे मोल समाज ठरवीत असतो. आपल्या देशात गोऱ्या वर्णाला फार पूर्वीपासून अवास्तव महत्त्व मिळत आले आहे. घरात सावळी मुलगी जन्मली की वडीलधाऱ्यांना तिच्या विवाहाची चिंता पडावी आणि तिने आपला वर्ण हा जणू दोष मानून मान खाली घालावी, अशी रीतच पडून गेली होती. ही समजूत किती पोकळ आहे, हे वादविवाद न करता केवळ आपल्या कर्तृत्वाने ज्या स्त्रीने दाखवून दिले, ती म्हणजे स्मिता पाटील होय.

स्मिताचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 रोजी पुणे येथे झाला. तिचे घराणे मूळचे खानदेशातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते होते, तर आई विद्याताई समाजसेवेत रमलेल्या होत्या. घरात साधेपणाला मान होता, दिखाऊपणाला नव्हता. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत स्मिता वाढली. दलाच्या कलापथकात काम करताना चार लोकांपुढे निर्भयपणे उभे राहण्याची सवय तिला लागली. पुढे शिवाजीराव राज्याचे मंत्री झाले आणि हे कुटुंब मुंबईस आले.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. एका परिचिताने काढलेली स्मिताची छायाचित्रे केंद्रातील अधिकाऱ्यांच्या पाहण्यात आली आणि मराठी बातम्या वाचण्याची संधी तिच्याकडे चालून आली. त्या वेळी तिने विशीही ओलांडली नव्हती. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. बातम्या ज्या क्षणी वाचल्या जात, त्याच क्षणी त्या घरोघरी दिसत. एखादा शब्द चुकला तर तो मागे घेण्याची सोय नव्हती. हातातील कागदावर नजर टाकावयाची आणि लगेच मान वर करून प्रेक्षकांकडे पाहत स्पष्ट उच्चारात बातमी सांगावयाची, ही कसरत तिने लवकरच आत्मसात केली.

तिला नटण्याची हौस नव्हती. विजारीवरच हातमागाची साडी नेसून ती बातम्या वाचावयास बसे. कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलके डोळे आणि गंभीर, स्वच्छ आवाज एवढेच तिचे अलंकार होते. उजळ दिसण्यासाठी तिने आपला सावळा वर्ण रंगाखाली दडविला नाही. त्या काळचा पडदा कृष्णधवल होता. परंतु त्यावरही तिच्या मुद्रेचे तेज लपत नसे.

हे प्रक्षेपण राज्याच्या मर्यादित भागापुरतेच होते. यवतमाळसारख्या दूरच्या जिल्ह्यांतील गावांत बातम्या ऐकावयाच्या त्या रेडिओवरच. तेथवर स्मिता पाटील यांचे नाव पोहोचले ते पुढे चित्रपटांमुळे. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांचे गुण ओळखले आणि ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात त्यांना भूमिका दिली. 1976 साली ‘मंथन’ हा चित्रपट आला. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचे भांडवल उभे केले होते. त्यातील कष्टकरी ग्रामीण स्त्री स्मिता पाटील यांनी अशी साकारली की, ती त्या गावचीच वाटावी. ज्या वर्णामुळे एरवी नायिकेचे पद नाकारले जाई, तोच येथे सत्याची खूण ठरला.

‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांतील अभिनयाबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला. मराठीत ‘जैत रे जैत’मध्ये त्यांनी ठाकर समाजातील स्त्री रंगविली. 1982 च्या ‘उंबरठा’मध्ये घराबाहेर पडून निराधार स्त्रियांच्या आश्रमाची जबाबदारी घेणारी आणि त्यासाठी मोठी किंमत मोजणारी सुलभा त्यांनी उभी केली. शोषित स्त्रीचे दुःख त्यांनी दाखविले. पण तिचा स्वाभिमानही तितक्याच ठामपणे दाखविला. 1985 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

दैवाने मात्र त्यांना फार थोडे आयुष्य दिले. पुत्रजन्मानंतर अवघ्या पंधरा दिवसांत, 13 डिसेंबर 1986 रोजी, प्रसूतीनंतर उद्भवलेल्या आजाराने त्यांचे मुंबईत निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय केवळ 31 वर्षांचे होते. त्यांचा ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. सत्ताधाऱ्याच्या जुलमापुढे न वाकणारी त्यातील सोनबाई पाहताना, ही अभिनेत्री आता नाही, ही जाणीव प्रेक्षकांचे मन व्याकूळ करून गेली.

अंगाचा वर्ण मनुष्याच्या हाती नसतो. वाणीची शुद्धता, कामावरील निष्ठा आणि अंतरीचा स्वाभिमान मात्र ज्याने त्याने कमवावयाचा असतो. स्मिता पाटील यांनी तो कमविला. म्हणूनच त्यांच्यानंतर पडद्यासमोर येऊन उभ्या राहणाऱ्या कित्येक सावळ्या मुलींना मान ताठ ठेवण्याचे बळ लाभले.