मालगुडी सगळ्यांना आठवतं, पण ते उभं करणारा शंकर नाग पस्तिशीतच गेला

टीव्हीवर मुंग्या आल्या की घरातला एक जण गच्चीवर पळायचा. अँटेना डावीकडे, उजवीकडे, परत थोडा डावीकडे. खालून चित्र आल्याची आरोळी ऐकू आली की गडी हात न हलवता तसाच उभा राहायचा. आळीत टीव्ही एकच असायचा आणि त्याच्यासमोर सतरंजीवर अख्खी आळी बसलेली असायची.

ज्यांनी ही सतरंजी अनुभवली आहे त्यांना एक धून नक्की आठवत असणार. तिला शब्द नव्हते, नुसती गुणगुण होती. ती सुरू झाली की पडद्यावर रेघारेघांची चित्रं यायची, एक छोटं गाव दिसायचं आणि धोतर-टोपीतला एक दहा वर्षांचा पोरगा दिसायचा.

पोरगा म्हणजे स्वामी, गाव म्हणजे मालगुडी आणि मालिका म्हणजे ‘मालगुडी डेज’.

आज कुणाच्या स्टेटसला ती धून लागली की खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. स्वामी आठवतो, त्याचा दोस्त मणी आठवतो, करड्या शिस्तीचे वडील झालेले गिरीश कर्नाड आठवतात. लेखक आर. के. नारायण होते हेही बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण हे गाव पडद्यावर आणणाऱ्या माणसाचं नाव विचारलं तर कर्नाटकाबाहेर अनेक जण गप्प होतात.

त्याचं नाव शंकर नाग. आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत, मराठी नाटकांच्या तालमीत झाली होती.

होन्नावरहून मुंबईला

शंकर नागरकट्टे यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1954 चा. घर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावर भागातलं, घरात बोलायची भाषा कोकणी. मोठा भाऊ अनंत. पुढे दोघांनीही आडनाव छोटं करून ‘नाग’ केलं. श्याम बेनेगल यांच्या 1974 च्या ‘अंकुर’मध्ये दिसलेले अनंत नाग ते हेच.

शिक्षण झाल्यावर शंकर मुंबईत आला. सत्तरच्या दशकातली मुंबई म्हणजे नाटकवेड्यांसाठी पंढरीच. तेंडुलकर, दळवी, एलकुंचवार लिहीत होते, छबिलदासच्या छोट्या रंगमंचावर रोज काहीतरी नवीन घडत होतं. कोकणी घरातल्या या पोराला मराठी जवळचीच होती. तो या नाटकांत पुरता बुडाला.

इथेच एका तालमीत त्याला अरुंधती राव भेटली. तीही रंगभूमीवरच काम करायची. पुढे दोघांनी लग्न केलं. ‘पा’ सिनेमात विद्या बालनच्या आईची भूमिका करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या अरुंधती नाग त्या याच.

मराठीशी त्याचं अजून एक नातं आहे. पुण्यात चापेकर बंधूंनी रँडचा वध केला, त्यावर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी ‘22 जून 1897’ हा सिनेमा केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या मराठी सिनेमाच्या लेखनात शंकर नागचाही हात होता.

पहिल्याच सिनेमात मैदान मारलं

1978 साली गिरीश कर्नाड ‘ओंदानोंदु कालदल्ली’ हा कन्नड सिनेमा करत होते. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या सामुराईपटांचा प्रभाव असलेली ही गोष्ट. त्यातल्या भाडोत्री योद्ध्याच्या भूमिकेसाठी त्यांनी शंकरला घेतलं.

या पहिल्याच भूमिकेसाठी त्याला आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

शंकरने मुक्काम बंगळूरला हलवला आणि तिथून जी धावपळ सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. 1980 ला ‘ऑटो राजा’ आला. रिक्षावाल्याच्या भूमिकेतला शंकर रिक्षावाल्यांना एवढा आपला वाटला की आजही कर्नाटकातल्या रिक्षांच्या मागे त्याचा फोटो दिसतो. मारधाडीचे सिनेमे केले म्हणून लोकांनी त्याला ‘कराटे किंग’ केलं.

बारा वर्षांत त्याने ऐंशीहून अधिक सिनेमांत काम केलं.

त्यातले बरेच सिनेमे गल्लाभरू होते. पण त्याच वेळी हा माणूस दुसरीकडे काय काय करत होता ते बघा.

1980 लाच त्याने ‘मिंचिन ओट’ दिग्दर्शित केला, त्याला ढीगभर राज्य पुरस्कार मिळाले. 1981 ला इळैयराजांच्या संगीताचा ‘गीता’ आला, त्यातली गाणी कर्नाटकात अजून वाजतात. ‘अ‍ॅक्सिडेंट’ या सिनेमात त्याने बड्या बापाच्या पोराने फुटपाथवर झोपलेल्या माणसांना गाडीखाली चिरडल्याची गोष्ट सांगितली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ‘ओंदु मुत्तिन कथे’साठी साक्षात डॉ. राजकुमार यांना घेऊन पाण्याखाली चित्रीकरण केलं.

बंगळूरमध्ये ‘संकेत’ नावाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारला, कारण कन्नड सिनेमाला आवाजाच्या कामासाठी मद्रासला जावं लागायचं.

आणि नाटक? ते तर सुटलंच नाही. अरुंधतीसोबत त्याने ‘संकेत’ हीच नाट्यसंस्था काढली. कर्नाडांची ‘अंजु मल्लिगे’ आणि ‘नागमंडल’ ही नाटकं केली. जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ कन्नडमध्ये आणली. मुंबईत जे पाहिलं होतं ते तो बंगळूरच्या प्रेक्षकांना दाखवत होता.

बंगळूरमध्ये मेट्रो हवी म्हणून तो परदेशात जाऊन माहिती घेऊन आला होता, असं तिथली माणसं आजही सांगतात. बंगळूरची मेट्रो प्रत्यक्षात धावली 2011 ला.

थोडक्यात, या माणसाला बसायला वेळ नव्हता. आणि नेमकं याच माणसाच्या हातून दूरदर्शनवरची सगळ्यात निवांत मालिका घडली.

नारायणना पुन्हा राजी करायचं होतं

मालगुडी हे गाव नकाशावर नाही. आर. के. नारायण यांनी ते कल्पनेतून उभं केलं आणि 1935 ला ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीतून वाचकांसमोर आणलं. सरयू नदी, रेल्वे स्टेशन, बाजार, शाळा, सगळं काल्पनिक. पण वाचणाऱ्याला ते आपल्याच आजोळचं वाटायचं.

नारायण सिनेमावाल्यांवर मात्र नाराज होते. त्यांच्या ‘द गाइड’वर देव आनंदने 1965 साली ‘गाइड’ केला. सिनेमा गाजला, गाणी अजरामर झाली, पण दक्षिणेतलं साधं मालगुडी उचलून राजस्थानच्या राजवाड्यांत नेऊन ठेवलं होतं. नारायणना ते अजिबात रुचलं नाही आणि त्यांनी तसं लिहूनही टाकलं.

अशा लेखकाच्या कथांवर मालिका करायची होती. निर्माते होते टी. एस. नरसिंहन आणि दिग्दर्शक शंकर नाग. वय जेमतेम तिशीचं.

शंकरने मालगुडी परत दक्षिणेत आणलं. शिमोगा जिल्ह्यातलं आगुंबे हे सह्याद्रीतलं गाव त्याने निवडलं. धो धो पाऊस, कौलारू घरं, मधला एकच रस्ता. तिथल्या ‘दोड्ड मने’ म्हणजे मोठं घर असं नाव असलेल्या जुन्या वाड्यात स्वामीचं घर उभं राहिलं. रेल्वे स्टेशनसाठी त्याच जिल्ह्यातलं अरसाळू निवडलं. कला दिग्दर्शक जॉन देवराज यांनी गावाला 1930-40 च्या काळाचं रूप दिलं.

कॅमेरा एस. रामचंद्र यांचा, संगीत एल. वैद्यनाथन यांचं. आणि सुरुवातीची ती रेघांची चित्रं नारायण यांचे सख्खे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. म्हणजे आपल्या ‘कॉमन मॅन’चे बाप.

स्वामीच्या भूमिकेत होता मास्टर मंजुनाथ. हे पोरगं शंकरच्या सिनेमांत आधीपासून काम करत होतं.

1986-87 च्या सुमारास मालिका दूरदर्शनवर आली. नारायणनाही ती आवडली, हीच तिची सगळ्यात मोठी पावती.

त्या मालिकेत असं होतं काय?

खरं सांगायचं तर फार काही नव्हतं. खलनायक नव्हता, सासू-सुनेचं भांडण नव्हतं, कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर आदळत नव्हता.

एका गोष्टीत एका माणसाला जत्रेत बक्षीस म्हणून चक्क रोड रोलर लागतो आणि तो ठेवायचा कुठे या चिंतेने त्याची झोप उडते. दुसऱ्या गोष्टीत स्वामीला धाडस शिकवायचं म्हणून वडील त्याला एकट्याला झोपायला लावतात, तो घाबरून एका माणसाच्या पायाला कडकडून चावतो आणि तो माणूस चोर निघतो.

एका गोष्टीत पोस्टमन असतो. मुलीचं लग्न ठरलेलं असतं, आणि त्याच्या हातात घरच्या माणसाच्या मृत्यूची बातमी येते. दिली तर लग्न मोडणार आणि पुन्हा मुहूर्त नाही. तो पत्र दाबून ठेवतो आणि लग्न लागल्यावर नेऊन देतो. नोकरी जाऊ शकते हे त्याला माहीत असतं. ज्यांचं पत्र असतं ते बाप गृहस्थ त्याची तक्रार करत नाहीत.

बस्स, एवढीच गोष्ट. पण ती बघून उठताना आळीतली मोठी माणसंही काही वेळ गप्प असायची.

लहानपणी आपल्याला यातलं सगळं कळत नव्हतं. आपल्याला स्वामीचं क्रिकेट कळायचं, परीक्षेची धास्ती कळायची, वडिलांच्या चपलांचा आवाज ऐकून पुस्तक उघडणं कळायचं. बापाचं आणि पोस्टमनचं दुःख कळायला आपल्याला तिशी-चाळिशी गाठावी लागली. म्हणून तर ती मालिका आज परत बघितली की नवी वाटते.

आपण म्हणतो, जुन्या मालिका भारी होत्या. त्यात थोडं प्रेम आपल्या बालपणावरचं असतं हे मान्य केलं पाहिजे, कारण त्या काळात रटाळ कार्यक्रमही भरपूर होते आणि एकच चॅनेल असल्यामुळे आपण शेतीचे कार्यक्रमसुद्धा बघत बसायचो. पण मालगुडी टिकलं ते केवळ दुसरा पर्याय नव्हता म्हणून नाही. कुणीतरी लहान माणसांच्या लहान गोष्टींना पुरेसा वेळ दिला होता, म्हणून टिकलं.

स्वतःच्या आयुष्यात ज्याला कधी वेळ पुरला नाही, त्यानेच तो वेळ दिला होता.

30 सप्टेंबर 1990

‘जोकुमारस्वामी’ या नव्या सिनेमाच्या चित्रीकरणासाठी शंकर लोकापूरकडे निघाला होता. गाडीत अरुंधती आणि लहान मुलगी होती. दावणगेरेजवळ आनगोडु गावापाशी गाडीला भीषण अपघात झाला.

पत्नी आणि मुलगी वाचल्या. शंकर नाग जागीच गेला. छत्तिसाव्या वाढदिवसाला चाळीस दिवस बाकी होते.

रस्त्यावरच्या बेफिकिरीवर ‘अ‍ॅक्सिडेंट’सारखा सिनेमा करणारा दिग्दर्शक रस्त्यावरच संपला. अख्खं कर्नाटक हळहळलं. स्वामीला बघत मोठी होणारी देशभरातली पोरं मात्र अजून सतरंजीवरच होती. आपल्याला गाव दाखवणारा माणूस गेला हे त्यातल्या बहुतेकांना कळलंही नाही.

अरुंधती नाग स्वतः गंभीर जखमी होत्या. त्या सावरल्या, पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि नवऱ्याचं एक स्वप्न त्यांनी मनावर घेतलं. सामान्य माणसाला परवडेल असं नाट्यगृह बांधायचं. जागा, पैसे, परवानग्या यात वर्षं गेली. अखेर 2004 ला बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये ‘रंगशंकर’ उभं राहिलं. तिथे कन्नडसोबत मराठी, हिंदी, इंग्रजी अशी कुठल्याही भाषेतली नाटकं होतात. तिकीट खिशाला झेपेल असं असतं. आणि नियम कडक आहे, नाटक सुरू झालं की दार बंद. उशिरा येणारा कितीही मोठा असो, आत सोडत नाहीत.

2006 साली कविता लंकेश यांच्या दिग्दर्शनात ‘मालगुडी डेज’चे नवे भाग आले. अरसाळूच्या जुन्या स्टेशन इमारतीत आता मालगुडीचं संग्रहालय आहे. नकाशावर नसलेल्या गावाचं स्टेशन बघायला लोक खरोखरच्या रेल्वेने जातात.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’च्या शेवटी स्वामीचा दोस्त राजम गाव सोडून जातो. दोघांचं भांडण झालेलं असतं. स्वामी स्टेशनवर एक पुस्तक भेट घेऊन येतो, पण गर्दीत नीट बोलणंच होत नाही आणि गाडी सुटते. राजमने आपल्याला माफ केलं की नाही, हे स्वामीला शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्या पिढीचंही शंकर नागच्या बाबतीत काहीसं तसंच झालं. त्याला धन्यवाद म्हणायच्या वयात आपण येईपर्यंत तो निघून गेला होता.

आता पुढच्या वेळी कुणाच्या स्टेटसला ती धून वाजली की स्वामीसोबत त्याचंही नाव घ्या. आणि घरात दहा वर्षांचं पोरगं असेल तर त्याला शेजारी बसवून एक भाग दाखवा. पहिली पाच मिनिटं चुळबुळ करेल. मग बघा, उठतंय का ते.