टोपीचा डबा आणि चहाच्या खोक्यातून टीव्ही बनवला, पण टीव्हीच्या धंद्यात तो टिकला नाही

आज टीव्ही भिंतीला चिकटलाय. फोटोफ्रेमसारखा लटकवायचा आणि विषय संपला. पण ऐंशीच्या दशकातलं घर आठवा. टीव्ही म्हणजे लाकडी पेटी, तिला सरकणारं शटर, शटरला कुलूप, वर विणलेला रुमाल आणि त्यावर फ्लॉवरपॉट. टीव्ही हे यंत्र कमी आणि फर्निचर जास्त होतं.

पण जगातला पहिला टीव्ही ज्या फर्निचरमधून तयार झाला ते होतं चहाचं रिकामं खोकं आणि टोपी ठेवायचा जुना डबा. तो जोडणाऱ्या माणसाचं नाव जॉन लोगी बेअर्ड.

बेअर्डचा जन्म 13 ऑगस्ट 1888 चा. गाव स्कॉटलंडमधलं हेलेन्सबर्ग. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. पोरगं लहानपणापासून आजारी, पण डोकं भन्नाट. शाळेत असतानाच त्याने घरातून रस्त्यापलीकडच्या मित्रांच्या घरांपर्यंत तारा टाकून स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं होतं.

पुढे ग्लासगोच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात तो इंजिनीअरिंग शिकायला गेला. तिथे जॉन रीथ नावाचा एक विद्यार्थी होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तब्येतीमुळे लष्कराने बेअर्डला घेतलं नाही. तो एका वीज कंपनीत लागला. तिथे कोळशाचा हिरा करायच्या नादात त्याने इतका विद्युतप्रवाह सोडला की शहराच्या एका भागातली वीजच गेली. सतत गारठणाऱ्या पायांवर उपाय म्हणून त्याने खास मोजे काढले आणि ते चक्क खपलेसुद्धा. मग थंडीला कंटाळून तो वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला गेला आणि तिथे जॅमचा कारखाना काढला. तिथल्या किड्यांनी आणि आजारपणाने पार वाट लावली. परत येऊन लंडनमध्ये साबण विकला. तब्येतीने पुन्हा दगा दिला.

1923 साली बेअर्ड समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावात हवापालटासाठी येऊन राहिला. वय 34, खिसा रिकामा, हाताला काम नाही. अशा वेळी त्याने ठरवलं की आता दूरची चित्रं दाखवणारं यंत्र बनवायचं.

मूळ कल्पना त्याची नव्हती. 1884 साली पॉल निपकोव्ह नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने एका चकतीचं पेटंट घेतलं होतं. चकतीवर गोगलगायीच्या शंखासारखी आत आत वळत जाणारी भोकांची रांग. चकती फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्याची एकेक पट्टी टिपतं. त्या पट्टीतला उजेड आणि अंधार विजेत बदलायचा. पलीकडे तशीच चकती, तेवढ्याच वेगाने फिरवायची. तिच्या मागचा दिवा त्या विजेप्रमाणे कमी-जास्त होतो. पट्ट्या इतक्या भराभर येतात की डोळ्याला सलग चित्र दिसतं. कल्पना कागदावर सोपी होती, पण चालवून कोणी दाखवली नव्हती.

बेअर्डने सामान जमवलं ते असं. टोपीच्या डब्याची चकती, चहाच्या खोक्यावर मोटर, सायकलच्या दिव्याची भिंगं, रफू करायच्या सुया, आणि हे सगळं धरून ठेवायला लाख आणि दोरा. या जुगाडातून 1924 मध्ये त्याने काही फुटांवर सावलीसारखी आकृती पाठवली. त्याच वर्षी प्रयोग करताना त्याला जबर शॉक बसला. जीव वाचला, हात भाजले. घरमालकाने मात्र खोली खाली करायला लावली.

तिथून तो लंडनला आला. सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवरच्या 22 नंबरच्या इमारतीत माळ्यावर बिऱ्हाड केलं. प्रयोगासाठी समोर माणूस बसवणं अवघड होतं, कारण दिवे इतके प्रखर की तोंड भाजायचं. म्हणून त्याने बोलक्या बाहुल्याचं डोकं आणलं. त्याचं नाव स्टूकी बिल. 2 ऑक्टोबर 1925 ला या बाहुल्याचा चेहरा डोळे, नाक, तोंड आणि सावल्यांसकट पलीकडच्या पडद्यावर उमटला.

बेअर्ड धावत जिना उतरला आणि खालच्या ऑफिसातला विल्यम टेन्टन नावाचा वीस वर्षांचा पोरगा ओढून वर आणला. दिव्यांच्या उष्णतेने पोरगं मागे सरकायला लागलं, तेव्हा बेअर्डने त्याच्या हातावर अर्धा क्राउन टेकवला. टेन्टन बसून राहिला आणि टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस ठरला.

योगायोग बघा, बरोबर 47 वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं.

26 जानेवारी 1926 ला रॉयल इन्स्टिट्यूशनचे सदस्य त्या माळ्यावर आले. चाळीसेक मंडळींनी आळीपाळीने ते धूसर चित्र पाहिलं. तिथून बेअर्डची गाडी सुसाट सुटली. 1927 मध्ये लंडनहून 438 मैलांवरच्या ग्लासगोला चित्र गेलं. 1928 च्या फेब्रुवारीत अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचलं. त्याच वर्षी त्याने रंगीत टीव्हीसुद्धा दाखवला.

आता टीव्ही लोकांच्या घरात न्यायचा होता. 1930 च्या सुमारास बाजारात आला बेअर्डचा टेलिव्हायझर. धातूची बुटकी पेटी, आत फिरणारी मोठी चकती, मागे निऑनचा दिवा आणि बाजूला छोटी खिडकी. किंमत सुमारे 26 पौंड. तो रेडिओला जोडावा लागायचा. चित्र 30 रेषांचं, नारिंगी रंगाचं, उभट आणि एवढंसं की भिंग लावून बघावं लागायचं. असे साधारण हजारभर संच बनले. त्यातला एक थेट पंतप्रधानांच्या घरी, 10 डाउनिंग स्ट्रीटला बसला.

पण टीव्हीला कार्यक्रम हवेत, आणि ते पाठवणारी केंद्रं बीबीसीच्या हातात. बीबीसीचा प्रमुख कोण? तोच कॉलेजातला जॉन रीथ. जुनी ओळख असली तरी जवळीक नव्हती, आणि रीथला टीव्हीचं फारसं कौतुकही नव्हतं. बेअर्डला बीबीसीचं केंद्र मिळायला 1929 चा सप्टेंबर उजाडला. तेही एकच ट्रान्समीटर, म्हणजे आधी चित्र दिसायचं आणि मग आवाज ऐकू यायचा. दोन्ही एकत्र यायला 1930 चा मार्च उजाडला.

तोवर खेळ बदलला होता. अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ आणि व्लादिमीर झ्वॉरिकिन यांनी फिरत्या चकतीऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र टिपायची वाट धरली होती. त्यात काहीच फिरत नाही, त्यामुळे रेषा वाढवणं सोपं होतं. ब्रिटनमध्ये मार्कोनी-ईएमआय कंपनी याच वाटेने निघाली.

2 नोव्हेंबर 1936 ला बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही सेवा सुरू केली. सरकारने ठरवलं की दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवायच्या आणि चांगली ती ठेवायची. एकीकडे मार्कोनी-ईएमआयच्या 405 रेषा, दुसरीकडे बेअर्डच्या कंपनीच्या 240. बेअर्डवाल्यांच्या एका पद्धतीत तर आधी फिल्मवर चित्रण, मग मिनिटभरात ती रसायनात धुवायची आणि ओली असतानाच दाखवायची. त्या धुलाईच्या टाक्यांमुळे कॅमेरा जागचा हलायचा नाही. समोरच्या पार्टीचा कॅमेरा बागेतसुद्धा फिरायचा.

त्यात 30 नोव्हेंबरच्या रात्री लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा तिथेच होत्या. बरंचसं काम राख झालं. फेब्रुवारी 1937 मध्ये निकाल लागला आणि बीबीसीने बेअर्डची पद्धत बंद केली.

याच काळात टीव्हीचं खरं फर्निचर झालं. नव्या संचांतली काचेची ट्यूब इतकी लांब होती की आडवी ठेवली तर पेटी खोलीभर पसरली असती. म्हणून काही कंपन्यांनी ट्यूब उभी ठेवली. कपाटासारख्या पॉलिशदार पेटीचं झाकण उघडायचं, झाकणाला आतून आरसा, आणि आरशात पडलेलं चित्र बघायचं. किंमत शंभर पौंडांच्या घरात. तेवढ्यात त्या काळी छोटी मोटार यायची. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टीव्ही थाटात बसला, पण आतली करामत आता दुसऱ्यांची होती.

बेअर्डच्या कंपनीने स्वतः टीव्ही बनवणं सुरू ठेवलं, अगदी इलेक्ट्रॉनिकसुद्धा. पण सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, बीबीसीने टीव्ही बंद केला आणि कंपनी बुडाली.

गडी तरीही थांबला नाही. युद्धाच्या काळात स्वतःच्या खर्चाने घरीच प्रयोग करत राहिला. 1944 मध्ये त्याने टेलिक्रोम नावाची ट्यूब दाखवली. त्यात फिरती चकती नव्हती, एकाच ट्यूबमधून रंगीत चित्र येत होतं. ज्या तंत्रापुढे तो हरला होता, तेच शिकून तो पुढे निघाला होता.

7 जून 1946 ला बीबीसीने टीव्ही पुन्हा सुरू केला. त्यानंतर सात दिवसांनी, 14 जूनला, बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावात बेअर्ड गेला. वय अवघं 57.

आजच्या टीव्हीत बेअर्डच्या चकतीचा काही अंश उरलेला नाही, त्यामुळे टीव्हीचा शोध खरंच त्याचा का, असा वाद अजून होतो. पण दूरवरचा माणूस हुबेहूब चेहऱ्यानिशी खोलीत दिसू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. तोवर मोठ्या कंपन्यांनाही त्याची खात्री नव्हती.