मुंबईच्या तळ्यांतील स्पंज आणि डॉ. कार्टर

पनवेल तालुक्यातील रोडपालीसारख्या खाडीलगतच्या गावांत खारे पाणी कुठे संपते आणि गोडे कुठे सुरू होते, हे भरती-ओहोटी आणि पाऊसच ठरवतात. अशा पाण्यातील दगड, लाकूड आणि शैवले यांना चिकटून स्पंज, हायड्रॉइड, ब्रायोझोआ असे इवले प्राणी आयुष्य काढतात. शेवाळ म्हणून खरवडून टाकल्या जाणाऱ्या या जीवांची मुंबई परिसरात ज्यांनी बारकाईने नोंद केली, ते हेन्री जॉन कार्टर पेशाने डॉक्टर होते.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टर्टन या किनाऱ्यावरील गावी १८ ऑगस्ट १८१३ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबई लष्करात शल्यचिकित्सक म्हणून ते दाखल झाले. १८४४ ते १८४६ या काळात ‘पॅलिन्युरस’ या सर्वेक्षण जहाजावरून त्यांनी अरबस्तानचा दक्षिण किनारा पाहिला. तेथील धुपाच्या झाडाचे त्यांनी वर्णन केले आणि पुढे अशा एका झाडाला त्यांचेच नाव मिळाले.

परंतु त्यांचे खरे काम मुंबईच्या तळ्यांत झाले. स्पंज ही वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा पुरता मिटलेला नव्हता. शहरातील तळ्यांत वाढणारे गोड्या पाण्यातील स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कार्टर यांनी त्यांच्या प्राणिपणाचे पुरावे मांडले. १८४९ मध्ये त्यांनी अनेक जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी ‘स्पंजिला अल्बा’ ही जात पुढे बंगालमध्ये मचूळ पाण्यातही सापडली. उन्हाळ्यात तळे आटले की स्पंज मरतो. मागे राहतात बियांसारखे कठीण कण, आणि पावसाच्या पाण्यात त्यांतूनच नवा स्पंज वाढतो. ब्रायोझोआही असेच टिकाऊ कण तयार करतात. या दोहोंची रचना एकच असल्याचे कार्टर यांनी १८५९ मध्ये प्रतिपादिले. साम्य त्यांनी जरा जास्तच ताणले, कारण हे दोन गट एकमेकांपासून फार दूरचे आहेत. तरीही तुलना मार्मिक होती.

त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८६२ मध्ये निवृत्त होऊन गावी परतल्यावर अभ्यासाचा रोख समुद्राकडे वळला. मन्नारच्या आखातातून गाळून काढलेले नमुने त्यांनी घरबसल्या तपासले. शंख आणि प्रवाळांना चिकटणाऱ्या सूक्ष्म जीवांवरही ते लिहीत राहिले. १८७२ मध्ये त्यांना ‘रॉयल मेडल’ मिळाले. ४ मे १८९५ रोजी बडली सॉल्टर्टन येथेच त्यांचे निधन झाले.

मुंबईतील पाणवनस्पतींवर आढळणारा पारदर्शक ब्रायोझोआ ‘लोफोपोडेला कार्टेरी’ म्हणून ओळखला जातो. तो विसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवरातही आढळला. मुंबई शहरातील बहुतेक जुनी तळी मात्र बुजवली गेली. धोबीतलाव आणि गोवालिया टँक ही आता केवळ ठिकाणांची नावे आहेत.